फॉगल्स चष्मा: शिकाऊ लष्करी वैमानिकांच्या किती कामाचा?

बाहेरचं न बघता फक्त उपकरणांवर विमान उडवायच्या सरावाचा हा चष्मा. काचेचा वरचा भाग धुरकट, खालचा स्वच्छ. क्षितिज झाकलं जातं, दिसतात फक्त उपकरणं. तेवढं काम चोख. एकसारखं वळण 10 ते 20 सेकंद चाललं की आतल्या कानाला विमान सरळच वाटतं. त्यात उंची घटतेय म्हणून नुसती स्टिक (विमान वळवायचा, नाक वर-खाली करायचा दांडा) मागे ओढली, तर वळण आणखी आवळतं. त्यातून सावरायचा क्रम पाठ हवा: पॉवर कमी, पंख समतल, मगच नाक वर. तो घोटून घ्यायला हा चष्मा उत्तम.

खोट अशी, की कडेने जमीन दिसते (आणि पोरं बघतातच!). कॉकपिटमध्ये ऊन सरकलं तरी वळण कळतं. हेल्मेटखाली काड्या टोचतात. पातळ, सरळ काड्यांचाच घ्या. बाहेर नजर ठेवायला दुसऱ्या सीटवर प्रशिक्षक हवाच.