हिवाळ्यात आरव्ही घेऊन दक्षिणेला: फ्लोरिडा, अलाबामा की टेक्सास?

निवृत्तीनंतरचा पहिला मोकळा हिवाळा समोर आहे, आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली आहे किंवा भाड्याने घ्यायचं चाललं आहे, आणि न्यू जर्सी, मिशिगन, ओहायोची थंडी आता गुडघ्यांना सोसवत नाही. अशा जोडप्यापुढे साधारण तीन वाटा असतात: फ्लोरिडा, अलाबामाचा चिमुकला किनारा आणि टेक्सासचा आखाती किनारा. समुद्र तिन्हीकडे आहे, ऊन तिन्हीकडे आहे, आणि राज्य सरकारांनी राखलेली स्टेट पार्क्सही तिन्हीकडे आहेत. फोटो बघून ठरवायला बसलात तर फ्लोरिडाच जिंकेल. पण हिवाळाभर गाडीत राहायचं तर तिथे संसार मांडावा लागतो, आणि संसाराचे प्रश्न वेगळे. जागा किती महिने आधी धरायची? एका ठिकाणी किती दिवस राहू देतात? रात्री पारा कुठवर उतरतो?

आम्ही दोघं तिन्हीकडे राहिलो आहोत. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिल्या हिवाळ्यात लांब मुक्कामाला अलाबामा आणि त्याला जोडून टेक्सास. फ्लोरिडा पुढच्या वर्षी, कारण त्याची तयारी आदल्या वर्षीच करावी लागते.

जागा धरण्याची कसरत

फ्लोरिडाच्या स्टेट पार्कात तिथल्या रहिवाशांना ११ महिने आधी जागा धरता येते, बाहेरच्यांना १० महिने आधी. हा फरक २०२४ च्या सुरुवातीपासून लागू झाला. ऐकायला एकच महिना, पण दक्षिण टोकाच्या कीज बेटांवरच्या बहिया होंडासारख्या ठिकाणी त्या एका महिन्यात चांगल्या जागा संपलेल्या असतात. म्हणजे फेब्रुवारीत कीजमध्ये राहायचं असेल तर आदल्या एप्रिलमध्ये सकाळी आठच्या आधीच लॅपटॉप उघडून बसायचं. एका पार्कात सलग १४ रात्रींची मर्यादा. त्यामुळे तीन महिने काढायचे तर निदान सहा-सात ठिकाणची बुकिंग एकमेकांना जुळवावी लागतात. मधलं एक हुकलं की पुढच्या-मागच्या तारखा लोंबकळतात आणि ते दिवस खाजगी आरव्ही पार्कात महाग दराने काढावे लागतात.

टेक्सासमध्ये बुकिंग पाच महिने आधी उघडतं. जानेवारीसाठी ऑगस्टमध्ये बसलं तरी चालतं. आपल्या वयात हे फार मोलाचं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलीचं बाळंतपण, भारतातली लग्नं या गोष्टी दहा महिने आधी कुठे ठाऊक असतात? मर्यादा तिथेही १४ रात्रींची, पण किनाऱ्याला लागून पार्क्स आहेत आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत जागा निघतात.

अलाबामाच्या गल्फ स्टेट पार्कची तऱ्हाच निराळी. तिथे हिवाळ्यात महिन्याच्या दराने जागा मिळते. उत्तरेकडची मंडळी नोव्हेंबरात येतात आणि मार्चपर्यंत हलत नाहीत. दर आणि अटी बदलत असतात, म्हणून पार्कच्या ऑफिसात सरळ फोन करून विचारा. फोनवर माणूस भेटतो आणि नीट बोलतो, असा आमचा अनुभव आहे.

फ्लोरिडा: सगळ्यात उबदार, सगळ्यात दाटीचा

फ्लोरिडाला नावं ठेवायचं मला कारण नाही. ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग पार्कातल्या झऱ्याचं पाणी बारा महिने ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २२ सेल्सिअस असतं. सेंट जॉन्स नदीचं पाणी गार पडलं की शेकडो मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी, त्या उबेला येतात. एवढा मोठा जीव पाण्यात एवढा शांत पडून राहतो, ते बघायला गोठलेल्या सकाळीच जायला हवं, कारण जितकी थंडी जास्त तितकी गर्दी जास्त. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्च अखेरपर्यंत त्या पाण्यात माणसांना उतरू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सारासोटाजवळच्या मायाक्का रिव्हर पार्कात सुसरींच्या जातीतले ॲलिगेटर काठावर ऊन खात पडलेले असतात, आणि झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता पूल आहे. फक्त गुडघ्यांचा विचार करून चढा, त्याच्या टोकाचा मनोरा चांगला उंच आहे. कीजमधल्या बहिया होंडाचं पाणी तर दक्षिणेत मी पाहिलेल्या पाण्यात सगळ्यात सुंदर. पण तिथल्या बेसाइड भागाकडे जाणारा रस्ता पुलाखालून जातो आणि उंचीची मर्यादा ६ फूट ८ इंच आहे. आरव्ही तिथून जाणारच नाही. आरव्हीसाठी बटनवुड भाग बघा.

भाडं मायाक्कात रात्रीला २६ डॉलरच्या घरात, बहिया होंडात ३६, पॅनहँडलच्या, म्हणजे राज्याच्या वायव्य पट्ट्यातल्या, टॉपसेल हिलमध्ये ४२. त्यावर कर, बुकिंगचं शुल्क आणि वीज-पाण्याचे वेगळे पैसे. फ्लोरिडाच्या ६५ वर्षांवरच्या रहिवाशांना मूळ भाडं निम्मं पडतं. आपल्यासारख्या बाहेरच्यांना ते मिळत नाही.

आणखी एक गोष्ट: फ्लोरिडाच्या बऱ्याच पार्कात जागेवर पाणी आणि वीज मिळते, सांडपाण्याची जोडणी मिळत नाही. टाक्या भरल्या की गाडी सोडवून डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, न्यायची. दोन आठवड्यांच्या मुक्कामात हे दोन-तीन वेळा करावं लागतं, आणि ज्यांची पाठ धरते त्यांना ते जाणवतं.

अलाबामा: एका जागी रमणाऱ्यांसाठी

गल्फ शोअर्सच्या गल्फ स्टेट पार्कात ४९६ जागा आहेत आणि पाणी, वीज, सांडपाणी अशी तिन्ही जोडणी मिळते. २८ मैलांहून जास्त, म्हणजे सुमारे ४५ किलोमीटर डांबरी पायवाटा आणि सायकलवाटा आहेत, सपाट आणि सावलीच्या. रोज सकाळी पाऊण तास चालायची सवय असलेल्यांना याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही. समुद्राकाठची वाळू गव्हाच्या पिठापेक्षा पांढरी.

खरं बळ आहे ते शेजाराचं. महिनोन्महिने तीच माणसं आजूबाजूला असल्यामुळे ओळखी होतात. गावात मिशिगनवाल्यांचा, विस्कॉन्सिनवाल्यांचा असे राज्यवार क्लब आहेत, पॉटलक जेवणं असतात, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. आम्ही पोहे केले की दोन खोल्या पलीकडून, म्हणजे दोन गाड्या पलीकडून, माणसं येत. दोघांनाच इतके दिवस एका छोट्या गाडीत राहायचं असेल तर आजूबाजूला बोलणारं माणूस हवंच. नात्यासाठीही ते बरं असतं. हॉस्पिटल जवळच्या फोलीत आहे.

उणीव कोणती? जंगल, झरे, प्राणी यांची विविधता फ्लोरिडाइतकी नाही, आणि एक पार्क पाहून झालं की दुसरं लांब. भारतीय किराण्याचीही पंचाईत. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला घरूनच भरून न्या.

टेक्सास: पक्ष्यांसाठी आणि भटकणाऱ्यांसाठी

ज्यांना पक्षी आवडतात त्यांनी हा लेख इथेच थांबवून टेक्सासचं बुकिंग करावं. रॉकपोर्टजवळच्या गूस आयलंड पार्कात मुक्काम टाकला की अरानसासचा अभयारण्य परिसर हाकेच्या अंतरावर. तिथे हिवाळ्याला व्हूपिंग क्रेन येतात, कॅनडातल्या वुड बफेलो नॅशनल पार्कापासून सुमारे २,५०० मैलांचा प्रवास करून. पाच फूट उंचीचा हा पांढराशुभ्र क्रौंच जातीचा पक्षी १९४१ मध्ये या थव्यात जेमतेम पंधरा-सोळा उरला होता. आज तो पाचशेच्या पुढे गेला आहे. बोटीतून त्याची जोडी आणि मधे तांबूस पिल्लू बघितलं तेव्हा ह्यांनी दुर्बीण माझ्या हातात द्यायला दहा मिनिटं लावली. गूस आयलंडमध्येच हजार वर्षांहून जुना लाइव्ह ओकचा वृक्ष आहे. २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळ याच भागात धडकलं, तरी तो उभा राहिला. पोहायला मात्र तिथे किनारा नाही. समुद्रात उतरायचं तर मस्टँग आयलंड पार्क गाठा.

भाडं फ्लोरिडाच्या आसपासच, पण टेक्सासमध्ये त्याखेरीज माणशी रोजचं प्रवेशशुल्क असतं. वार्षिक पास घेतला की गाडीतल्या सगळ्यांचं हे शुल्क वाचतं. लांब मुक्कामात दोघांचे पैसे वसूल होतात.

शिवाय ह्यूस्टन तीन-साडेतीन तासांवर. हिलक्रॉफ्ट भागात, ज्याला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं अधिकृत नाव आहे, भाजीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं.

थंडीबद्दल भ्रम नको

खरी ऊब फक्त मध्य आणि दक्षिण फ्लोरिडात. अलाबामात जानेवारीत दुपारी १६ सेल्सिअसच्या आसपास, पहाटे पाच-सहा. टेक्सासच्या किनाऱ्यावर त्याहून थोडं बरं, पण उत्तरेचा वारा सुटला की तासाभरात पारा कोसळतो. २१ जानेवारी २०२५ ला मोबील आणि पेन्साकोलात विक्रमी बर्फ पडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासभर वीज गेली होती. ज्यांना दम्याचा किंवा सांध्यांचा जास्त त्रास आहे त्यांनी माझा सल्ला बाजूला ठेवून दक्षिण फ्लोरिडाच गाठावा, बुकिंगची कितीही कटकट असली तरी. बाकीच्यांनी शून्याखाली जाणार असं दिसलं की बाहेरची पाण्याची नळी रात्री काढून ठेवावी आणि आतल्या टाकीवर भागवावं.

थंडीत विजेचा हिशोबही सांभाळावा लागतो. ३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॅट मिळतात. १,५०० वॅटचा हीटर आणि १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी एकत्र लावली की मायक्रोवेव्हला काहीच उरत नाही, आणि ब्रेकरचं बटण पडतं. फोडणी बाहेरच्या बाकावर द्या. गाडीत दिली तर हिंगाचा वास तीन दिवस उशीत राहतो.

पास, डॉक्टर आणि रस्ता

६२ वर्षांनंतर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांना राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास ८० डॉलरमध्ये जन्मभरासाठी मिळतो. तो स्टेट पार्कात चालत नाही, हे अनेकांना गेटवर कळतं. पण पेन्साकोलाजवळचं फोर्ट पिकन्स हे केंद्र सरकारचं कॅम्पग्राउंड आहे, तिथे त्यावर निम्मं भाडं पडतं. अलाबामाच्या मुक्कामाला ते छान जोडता येतं.

मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर ते घेणारा कुठल्याही राज्यातला डॉक्टर चालतो. खाजगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेजमधला एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टरांपुरता, प्रकार असेल तर तातडीच्या उपचारांपलीकडे बाहेरच्या राज्यात अडचण येते, म्हणून निघण्याआधी विमा कंपनीला विचारा.

गाडी ३० फुटांच्या आत ठेवा. जुन्या पार्कांतल्या झाडीतल्या जागा लहान आहेत आणि सुंदर जागा नेमक्या त्याच.

न्यू जर्सीहून आय-९५ ने निघालात तर बाल्टिमोरचे दोन्ही बोगदे आरव्हीला बंद आहेत, कारण १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी त्यांतून नेता येत नाही. पूर्वी लोक तिथल्या ‘की ब्रिज’ नावाच्या पुलावरून जायचे. तो २६ मार्च २०२४ ला कोसळला, त्यामुळे आता शहराभोवतीच्या आय-६९५ च्या पश्चिम बाजूने वळसा घालायचा. आम्ही आय-७८ ने जाऊन आय-८१ धरतो. तिथे डिसेंबरात बर्फ लागू शकतो, म्हणून थँक्सगिव्हिंग झाल्याबरोबर निघा आणि थंडीचा पट्टा ओलांडेपर्यंत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून भरलेलं अँटीफ्रीझ काढू नका. तोवर प्यायला आणि स्वयंपाकाला पाण्याचे कॅन बरोबर ठेवा.