केबिन बॅग: कापडी की कडक?

धाकट्या मेहुण्याची नोकरी बदलली आणि त्याच्या नशिबी महिन्यातून दोन दिल्लीवाऱ्या आल्या. परवा फोन केला, "भावोजी, केबिन बॅग घ्यायचीय. हार्ड घेऊ की सॉफ्ट? हार्ड दिसायला जरा भारी वाटते." मी जो सुरू झालो तो पंचवीस मिनिटं थांबलोच नाही. शेवटी हिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि भावाला सांगितलं, "यांना बॅगेचं काही विचारू नकोस रे, लगेच सोऱ्याची गोष्ट निघते." राहिलेलं म्हणून इथे लिहितो. सोऱ्याची गोष्टही येणार आहे. ती टाळून या विषयावर मला बोलता येत नाही.

आमच्या घरात दोन्ही जाती नांदल्या आहेत. आधी एक करडी हार्ड, पॉलिकार्बोनेटची. मग निळी कापडी. ती गेली (कशी, ते पुढे) तेव्हा पुन्हा कापडीच. माझा कौल कुणीकडे ते तुम्हाला इथेच कळलं असेल. तरी हार्डच्या बाजूचंही सांगतो, कारण ते काही थोडंथोडकं नाही.

लिटर, कप्पे, रंग हे सगळं दुकानात बॅगेला लटकवलेल्या चिठ्ठीवर असतं, ते सोडून देतो. कुलपावर लाल चौकटीची अमेरिकन खूण आहे म्हणून दुकानदार जास्त पैसे सांगायला लागला तर मात्र भुलू नका. त्या कुलपाची जोडकिल्ली अमेरिकेतल्या तपासनीसांसाठी असते, आमच्या बडोद्याच्या हरणी विमानतळावर तिचा काही उपयोग नाही. वजनाचं म्हणाल तर हार्ड हलकी अशी एक समजूत आहे आणि सॉफ्ट हलकी अशी दुसरी. आमच्या घरच्या ताणकाट्यावर दोन्हींत पाव किलोचाही फरक निघाला नाही. बॅग कुठलीही घ्या, केबिनमध्ये न्यायला मिळणाऱ्या 7 किलोंतले अडीच-तीन किलो तीच खाते.

आता सोऱ्या.

कोविडच्या आधीची दिवाळी. मुलगी बंगळुरूला. तिनं तिकडे नवा सोऱ्या घेतला होता, पण चकलीला काटे येईनात. मग हिनं माझ्या आजेसासूबाईंपासून चालत आलेला पितळी सोऱ्याच तिला द्यायचं ठरवलं. जाड पितळेचं नळकांडं, वर आट्यांचा दांडा, दांड्याला आडवी मूठ. एक्स-रेत हे कसं दिसेल याचा विचार घरात एकाच्याही डोक्यात आला नाही. त्याला माझे दोन बनियन गुंडाळले, आजूबाजूला लीलो चेवडो आणि भाकरवडीची पाकिटं कोंबली आणि करड्या हार्ड बॅगेची चेन ओढली. ओढताना वर गुडघा ठेवावा लागला, इतकंच.

सिक्युरिटीला बॅग पट्ट्यावरून आत गेली, थांबली, मागे आली, पुन्हा आत गेली. पडद्यासमोरच्या जवानानं नुसत्या मानेनं दुसऱ्याला बोलावलं. "ये किसका है?" मी हात वर केला. "अंदर क्या है?" सोऱ्याला हिंदीत काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना. म्हटलं, "चकली बनाने की मशीन है." मशीन या शब्दानं प्रकरण आणखी गंभीर झालं. "खोलिए."

हार्ड बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते. दोन्ही अर्धी आडवी पसरायची, म्हणजे बंद बॅगेच्या दुप्पट जागा. तपासणीचं टेबल जेमतेम बंद बॅगेएवढं. एक अर्ध टेबलावर, दुसरं हवेत, आणि ते खाली येऊ नये म्हणून मी डाव्या हातानं धरून उभा. गुडघ्यानं दाबलेलं सामान चेन सुटताच श्वास घेतल्यासारखं वर आलं. बनियन आले, दाढीचा ब्रश आला, चेवड्याचं एक पाकीट घरंगळून फरशीवर फुटलं. मागे पंधरा-वीस माणसांची रांग, सगळ्यांचे डोळे माझ्या कपड्यांवर. जवानानं सोऱ्याचा दांडा फिरवून बघितला, आत डोकावला, चकलीच्या चकतीवरून बोट फिरवलं आणि एकदम हसला. "हमारे घर में भी है, लकडी का." त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं त्याचं काम केलं. तक्रार बॅगेबद्दल आहे. एक सोऱ्या दाखवायला अख्खा संसार मांडावा लागला, आणि मांडलेला संसार परत भरताना विमानतळाच्या टेबलावर गुडघा ठेवता येत नाही.

माझ्यासाठी निकाल त्या टेबलावरच लागला. पुढे लक्ष ठेवायला लागल्यावर हीच कटकट जागोजागी दिसली. हॉटेलच्या खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जी बोळ असते तिच्यात हार्ड बॅग उघडली की येण्याजाण्याचा रस्ता बंद. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस आपल्याच शर्टांवर पाय देतो. मुलीच्या फ्लॅटमध्ये ती कायम सोफ्यावर पसरलेली असायची आणि आम्ही खुर्च्यांवर.

कापडी बॅग पेटीसारखी असते. खाली खोल भाग, वर झाकण. झाकण भिंतीला टेकवलं की काम झालं. वरचं हाताशी येतं, खालचं जागेवर राहतं. तळाशी ठेवलेली वस्तू काढायची तर हिच्यातही उपसाउपस आहे, नाही असं नाही. पण मुख्य पेटीला हात न लावता उघडणारे पुढचे दोन कप्पे हिच्याकडे असतात, आणि प्रवासात अधेमधे लागणारं जवळजवळ सगळं त्यांत मावतं. लॅपटॉप ट्रेमध्ये काढून ठेवायचा असतोच. एका चेनीचं काम.

याचा खरा फायदा गेटवर कळतो. विमान भरलेलं असलं की वरचे रॅक भरलेत, बॅगा खाली पाठवायच्या, असं शेवटच्या दहा-पंधरा जणांना सांगतात. पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या पेट घेऊ शकतात, म्हणून त्या केबिनमध्ये माणसांसोबतच ठेवायच्या असा नियम आहे. एकदा माझ्या पुढचे गृहस्थ फरशीवर बॅग पसरून, दोन्ही गुडघे टेकून, मोज्यांच्या ढिगात पॉवर बँक शोधत होते. मी पुढची चेन उघडली, पॉवर बँक आणि बीपीच्या गोळ्या खिशात टाकल्या आणि बॅग सोपवली. थोडं मिरवल्यासारखं वाटलं, कबूल करतो.

आता हार्डची बाजू, आणि ती मला चांगलीच महागात पडून कळली आहे. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा कारेलीबागेत आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. रस्त्यांवर मगरी निघाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आमच्याकडे मगर आली नाही, पण दीड फूट पाणी आणि ते ओसरल्यावर बोटभर गाळ. दोन्ही बॅगा दिवाणाखाली. हार्ड बॅग तरंगत तरंगत दाराशी येऊन थांबली होती. अंगणात नळाखाली धरली, चेनीतून आत गेलेलं पाणी ओतून दिलं, फडक्यानं पुसली, अस्तर उन्हात वाळवलं. दुसऱ्या दिवशी बॅग जशीच्या तशी. निळी कापडी मात्र तीन वेळा धुतली, आठवडाभर गच्चीवर उलटीसुलटी वाळवली. हाताला कोरडी लागायची, आणि झाकण उघडलं की नदीचा वास. कापडाच्या आत फोम असतो, त्याच्या आत पाठीला फळी असते, त्या सगळ्यात गाळ जाऊन बसला होता. शेवटी भंगारवाल्याला दिली. हिचं म्हणणं होतं, आता तरी शहाणे व्हा, हार्ड आहे ना घरात धडधाकट! मी रावपुऱ्यात गेलो आणि पुन्हा कापडी घेऊन आलो. यावरून काय ते समजा.

फराळ नेणाऱ्यांनी मात्र जरा थांबून विचार करावा. कापडी बॅगेवर रॅकमध्ये दुसऱ्याची बॅग आपटली की आमच्या चिरोट्यांचा भुगा होतो. आता ते स्टीलच्या डब्यात जातात आणि डब्याचं वजन त्या 7 किलोंतच धरलं जातं. तेलाचंही तसंच. भाकरवडीचं पाकीट पाझरलं तर हार्ड बॅग पुसता येते. कापडीवर डाग कायमचा. माझ्या सध्याच्या बॅगेवर एक आहे, गुजरातच्या नकाशासारखा, कच्छसकट.

कापडीचा आणखी एक दोष आहे, आणि तो सांगताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण मी ज्याचं इतकं कौतुक केलं तो पुढचा कप्पाच गोत्यात आणतो. इंडिगोच्या मापात बॅगेची जाडी 25 सेंमी चालते (55 × 35 × 25), एअर इंडियाच्या मापात 20 (55 × 40 × 20). बेरीज दोन्हींची 115 च, पण कापडी बॅगेच्या पुढच्या कप्प्यात दोन वस्तू जास्त गेल्या की 20 चे 25 कधी झाले ते आपल्याला कळत नाही. मापाच्या सांगाड्यात घालताना कळतं. हार्ड बॅग जेवढी आहे तेवढीच राहते. तिच्यात हावरटपणा करता येत नाही, आणि आमच्यासारख्या घरांना तेवढा धाक बरा. बॅग मोठी करायची ती जादा चेन असते ना, ती मी हिच्याकडून चार टाके घालून कायमची बंद करून घेतली आहे.

चाकांबद्दल फार लिहीत नाही. हार्ड बॅगा आता बहुतेक चार चाकांच्याच येतात, कापडीत अजून दोन चाकांची शोधली तर मिळते. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकांची मजा असते. रिक्षातून उतरून खोदलेल्या रस्त्यावरून फाटकापर्यंत जायचं असेल तर दोन चाकांची तिरपी ओढता येते आणि खड्ड्यात रुसून बसत नाही. उभी ओढायची दोन चाकांची बॅग 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ नावाच्या एका अमेरिकन वैमानिकानं काढली, ती मुळात विमानातल्या आपल्यासारख्याच कर्मचाऱ्यांसाठी. रोज बॅग ओढणाऱ्याला जे सुचलं ते अजून वाईट ठरलेलं नाही. माझी दोन चाकांचीच आहे.

आपल्याकडे हार्डला एक हळवी बाजूही आहे. हालोलला, म्हणजे बडोद्याहून तासाभराच्या आत, सफारीचा हार्ड बॅगांचा कारखाना आहे. व्हीआयपी आणि सॅमसोनाइटचे नाशिककडे. कापडी बॅगांचं शिवणकाम बरंचसं बाहेरच होतं, व्हीआयपीचं तर बांगलादेशात. शेजारच्या गावची वस्तू घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांना मी अडवणार नाही.

पुढून उघडणारा लॅपटॉपचा कप्पा असलेल्या हार्ड बॅगाही आता निघाल्या आहेत. दुकानात एक हाताळून पाहिली. कल्पना चांगली आहे, पण त्या कप्प्यात लॅपटॉप आणि एखादी फाईल यापलीकडे काही जाईना, आणि किंमत साध्या हार्डपेक्षा बरीच वर. हार्डच हवी असा हट्ट असेल तर निदान ही पाहा. आणि तुमचा प्रवास म्हणजे एक सूट, एक लॅपटॉप, रात्री हॉटेल आणि सकाळी परत असा असेल, मध्ये कुणाकडे काही पोहोचवायचं नसेल, तर खरं सांगायचं म्हणजे हार्डनंही तुमचं काही अडणार नाही.

कापडी घेणार असाल तर दुकानात एवढं करा. दुकानदार आकार राहावा म्हणून बॅगेत कागदाचे बोळे भरून ठेवतो. ते काढू नका, उलट आणखी मागून घ्या आणि मोठा कप्पा गच्च भरा. मग पुढच्या कप्प्यात हात घाला. कोपरापर्यंत नाही तरी मनगटापर्यंत सहज गेला पाहिजे. पुष्कळ बॅगांचे पुढचे कप्पे मोठा कप्पा रिकामा असतानाच मोठे असतात. दुकानदार कंटाळतो, पण चहा पाजतो.

हे लिहून होतंय तोवर मेहुण्याचा फोटो आला. हार्ड, चॉकलेटी रंगाची, पुढे कप्पा नाही. खाली लिहिलंय, "भावोजी, मी कुठे सोऱ्या घेऊन फिरणार आहे?" फोटो मी हिला दाखवला. ही काही बोलली नाही. तिच्या दिल्लीच्या मावशीला द्यायचं पुरणयंत्र तेवढं तिनं माळ्यावरून काढून ओट्यावर ठेवलंय.