६० की १२० हर्ट्झ?

कापसाचे पैसे हाती आले अन् दारव्ह्याचा भाचा मागे लागला, "मामा, ६० हर्ट्झ स्क्रीनचा की १२० चा, कोनता मोबाइल घेऊ?" हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा.

गेममध्ये फरक खरा आहे. ६० हर्ट्झचा स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १२० चा ८.३ नी. बोट फिरवलं की नेम चटकन वळतो. पण गेमच सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर, अडकत असेल तर जास्तीचे पैसे पाण्यात.

सिनेमा बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचा. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला नाही. म्हणून कॅमेरा संथ सरकताना ६० वर बारीक हिसके दिसतात. तेवढंच.

१२० वर बॅटरी लवकर उतरते, आणि आमच्याकडे लाइन गेली की कधी येईल नेम नाही. सेटिंगमध्ये ६० करता येतं म्हणा.

रोज गेम खेळणाऱ्याने १२० घ्यावा. नुसते सिनेमे पाहणाऱ्याला ६० पुरे. उरलेल्या पैशांत मोठी बॅटरी बघावी.