जबड्यातली रक्तवाहिन्यांची विकृती: आतून बुजवायची की हाडासकट काढायची?

‘जबड्यात रक्ताची गाठ आहे’ (गोठलेलं रक्त नव्हे, रक्तवाहिन्यांचं चुकीचं जाळं) एवढंच कळलं असेल, तर आधी विचारा: रक्त संथ वाहतंय की जोरात? डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि एमआरआयवरून बहुधा याचा उलगडा होतो.

संथ असेल तर घाई नसते. त्रास नसल्यास नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. असल्यास स्क्लेरोथेरपी, म्हणजे पोलिडोकॅनॉल किंवा ब्लिओमायसिनसारखं औषध गाठीत टोचून ती आक्रसवणं. एका खेपेत क्वचितच भागतं.

जोराच्या विकृतीत धमनी थेट शिरेत उघडते. हलणारा दात, हिरडीतून वरचेवर रक्त, हाताला लागणारी धडधड. एक्स-रेवर कधी साबणाच्या फेसासारखी पोकळी दिसते, कधी काहीच नाही. ओळख न पटता असा दात उपटला, तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. खरी निवड इथे करायची असते.

एम्बोलायझेशनमध्ये जांघेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन विकृती ग्लू, ओनिक्स (आत गेल्यावर घट्ट होणारं द्रव) किंवा कॉइलने (तारेच्या वेटोळ्याने) बुजवतात. दात, हाड, चेहरा शाबूत राहतो. खालच्या जबड्यात रक्त अनेकदा हाडातल्या एका फुगलेल्या शिरेत जमतं. ती शीरच भरली तर विकृती पूर्ण बरी होऊ शकते, हळूहळू तिथे हाडही भरतं. नुसत्या धमन्या बुजवल्या, तर नव्या वाटा फुटतात. म्हणून ‘नेमकं काय भरणार?’ हे विचाराच. धोकेही आहेत: पदार्थ डोळ्याकडे वा मेंदूकडे सरकणं, हिरडी मरणं, भरलेल्या जागी जंतुसंसर्ग.

शस्त्रक्रियेत मर्यादित विकृती मुळासकट निघते, पण जबड्याचा तुकडाही जातो. पायाचं हाड लावून तो पुन्हा उभारावा लागतो. वाढत्या वयात चेहरा वाकडा होण्याची भीती वेगळी. शिवाय २४ ते ७२ तास आधी एम्बोलायझेशन बहुधा करावंच लागतं. माझ्या मते हाडापुरत्या विकृतीत, विशेषतः मुलांमध्ये, सुरी मागे ठेवावी. एम्बोलायझेशन टिकलं नाही किंवा विकृती आसपास पसरली, तर शस्त्रक्रिया हवीच.

मानेतली बाह्य कॅरोटिड, म्हणजे चेहऱ्याला रक्त पुरवणारी धमनी, बांधून टाकण्याचा जुना उपाय मात्र नको. रक्त दुसरीकडून येतंच, आणि कॅथेटरची वाट कायमची बंद होते.

उपचार ठरेपर्यंत त्या बाजूच्या दातांना हात लावू देऊ नका. दात निघून रक्त उसळलंच, तर तोच दात खोबणीत परत दाबा, वर गॉज घट्ट चावून धरा आणि तडक हॉस्पिटल गाठा.