पाचशे मिलीची बरणी आणि लग झाकण: काच पास, झाकण तपासून घ्या

सोलापुरात बाटल्या-बरण्यांच्या घाऊक दुकानात ५०० मिलीची, ६३ मिमी तोंडाची पारदर्शक बरणी सहज मिळते. लोणची-मध भरणारे छोटे उद्योग तीच नेतात. घरी टोमॅटोचा गर, डाळिंबाचा रस किंवा द्राक्षं वर्षभरासाठी बंद करायची असतील तर ती चालते का? काच चालते. झाकणाचं मात्र नीट बघावं लागतं, आणि दुकानदार बहुतेकदा त्याबद्दल काही बोलत नाही.

या तोंडावर लग झाकण बसतं, म्हणजे आतल्या दातांनी थोडं फिरवताच अडकणारं. ती झाकणं दोन प्रकारची असतात, आणि वरून दोन्ही सारखीच दिसतात. एकात आतल्या कडेने रबरासारखा मऊ थर गोल ओतलेला असतो. नख दाबलं तर ते किंचित रुततं, पण थर सुटून येत नाही. दुसऱ्यात फोमची किंवा पुठ्ठ्याची चकती नुसती ठेवलेली असते आणि ती नखाने उचलून हातात येते. चकतीवालं झाकण मसाला, चटणी, साखरेसाठी ठीक. उकळत्या पाण्यात ती चकती भिजते, फुगते आणि हवा आत घेते. म्हणून आधी झाकण उलटं करून बघा, मग भाव विचारा. मधोमध फुगीर बटण असलेलं मिळालं तर तेच घ्या. बरणी गार होताना आत निर्वात पोकळी झाली की बटण खाली बसतं आणि बोटाने दाबल्यावर टकटक करत नाही.

झाकण एकदाच वापरायचं. काचेची कड त्या मऊ थरात रुतून खाच पडते, आणि दुसऱ्यांदा बरोबर त्याच खाचेत ती बसेल याचा भरवसा नसतो. बरण्या डझनभर घेतल्या तर झाकणं दोन डझन घ्या. भंगारवाल्याकडच्या जॅमच्या जुन्या बरण्या स्वस्त पडतात, पण त्यांच्या तोंडाची मापं ५३, ५८, ६३ अशी सरमिसळ असते, आणि जवळपास बसणारं झाकण गळणारच.

काचेबद्दल तक्रार कमी आहे. विकत घेताना तोंडाच्या कडेवरून बोट फिरवा. खवला उडालेला असेल किंवा साच्याची रेघ कडेवर उंच आली असेल तर ती बरणी बाजूला ठेवा. फुटण्याचं कारण बहुधा तापमानातला फरक असतो. गरम गर गार बरणीत ओतला किंवा गरम बरणी ओल्या ओट्यावर टेकवली की बूड गोल तडकून सुटतं. बरण्या गरम पाण्यातच ठेवा, एकेक काढून भरा. भरून बंद केलेल्या बरण्या ज्यात उकळायच्या त्या पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा घडी केलेलं फडकं हवंच, आणि पाणी झाकणांच्या वर दोन बोटं. बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरी साय धरते. उकळत्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घातलं की धरत नाही.

आता किती वेळ उकळायचं ते. घरगुती डबाबंदीचे चाचणी घेतलेले तक्ते अमेरिकी कृषी खात्याचे आहेत. ते दोन भागांच्या (चपटी चकती आणि वेगळी कडी) झाकणांसाठी आणि समुद्रसपाटीपासून १००० फुटांपर्यंतच्या उंचीसाठी मांडलेले असतात. त्यावरच्या उंचीला वेगळा रकाना असतो. सोलापूर साधारण १५०० फुटांवर आहे. इथे पाणी १०० अंशांच्या थोडं खालीच उकळतं, म्हणून पुढचा रकाना वाचायचा. यूट्यूबवरच्या कृतींमध्ये ही गोष्ट जवळजवळ कुणी सांगत नाही.

टोमॅटोचा ठेचलेला गर: पाच मिनिटं खळखळून उकळायचा, गरमच भरायचा, वर १२ मिमी जागा सोडायची. ५०० मिलीला लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) सपाट पाव छोट्या चमच्यापेक्षा किंचित जास्त, थेट बरणीत. मोठ्या पातेल्यात कालवलं तर एका बरणीत जास्त आणि दुसरीत कमी जातं. ताज्या लिंबाची आंबटाई फळागणिक बदलते, म्हणून इथे सत्वच बरं. एवढी काळजी घ्यायची कारण पिकलेल्या टोमॅटोचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या रेषेवर रेंगाळतो. त्या रेषेच्या वर बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) बीजाणू बंद बरणीत रुजून विष करू शकतात, आणि नुसत्या उकळत्या पाण्याने ते मरत नाहीत. पाइंटच्या (साधारण ४७३ मिली) बरणीला या उंचीवर ४० मिनिटं लागतात. आपली बरणी पाइंटपेक्षा थोडी मोठी, म्हणून क्वार्टची (दोन पाइंट) ५० मिनिटं धरा. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, तेल यातलं काहीही आत घालू नका. ग्रेव्ही बरणी उघडल्यावर करा.

सोलापुरात खरी मजा डाळिंबात आहे. भगवा जातीच्या डाळिंबाचा रस मुळातच आंबट, त्यामुळे सत्वाची गरज नाही. नोव्हेंबरपासून मृग बहाराचा (जून-जुलैच्या फुलोऱ्याचा) माल येतो तेव्हा डागी फळ स्वस्तात मिळतं. तेल्या रोगाचे डाग सालीपुरतेच असतील तर दाणे रसाला चालतात. तडकलेलं फळ मात्र घेऊ नका, चिरेतून बुरशी आत गेलेली असते. बाहेरून देखणं फळही आतून काळं निघू शकतं, म्हणून प्रत्येक फोडून बघूनच दाणे टाका. दाणे मिक्सरमध्ये फिरवले की बी भरडते आणि रस कडवट तुरट होतो. फडक्यात बांधून पिळा, किंवा पुरणयंत्रात हलक्या हाताने दाबा. किलोभर फळाला हाताने ४०० मिलीच्या आसपास रस सुटतो. स्टीलच्या भांड्यात फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून वरचा निवळ रस अलगद ओतून घ्या. लोखंडाच्या कढईत तो काळवंडतो. उकळी न आणता ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवा, ६ मिमी जागा सोडून भरा आणि १५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. किराणा दुकानात कुणी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (रस टिकवण्याची पावडर) सुचवलं तर डाळिंबासाठी घेऊ नका, लाल रंग फिका पडतो. नीट बंद झालेल्या बरणीला त्याची गरजही नाही.

द्राक्षं पातळ पाकात, वर बोटभर जागा सोडून, गरम भरलीत तर २० मिनिटांत होतात. सीताफळाचा गर या बरणीत घालू नका. तापवला की तो कडू होतो, फ्रीझरमध्येच ठेवावा. पपई दिसायला सोपी असली तरी पुरेशी आंबट नसते.

गवार, मटार, मक्याचे दाणे, भेंडी या बरणीत नुसत्या पाण्यात उकळून बंद करायच्या नाहीत, कितीही तास उकळा. त्यांना १५ पौंड दाबाचा कॅनर, म्हणजे डबाबंदीचा मोठा कुकर, लागतो. इथे सगळे घरच्या कुकरकडे बोट दाखवतात. कुकरचा दाब तेवढाच असतो, हे खरं. पण तो छोटा, लवकर तापणारा आणि लवकर निवणारा. तक्त्यातल्या मिनिटांत मोठ्या कॅनरच्या तापण्याची आणि निवण्याची उष्णताही धरलेली असते, आणि ती कुकरमध्ये मिळत नाही. सोलापूरच्या उन्हात गवार-वांग्याच्या फोडी कडकडीत वाळतात, मटार फ्रीझरला चांगला. भाजीसाठी ही बरणी हवीच असेल तर व्हिनेगरमधल्या लोणच्यापुरती घ्या.

भरताना बरणीची कड ओल्या फडक्याने पुसा. रसाचा एक थेंबही झाकणाला धरू देत नाही. झाकणं भरण्याआधी काही मिनिटं गरम पाण्यात ठेवली की आतला थर मऊ होतो. बोटांनी बसेल तेवढं घट्ट करा. उकळून काढल्यावर झाकण सैल वाटलं तरी पुन्हा पिळू नका. तिथेच पकड सुटते. बरण्या कोरड्या लाकडी पाटावर अंतराने ठेवून १२ ते २४ तास हलवायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बटण वरच राहिलेली बरणी फ्रीजमध्ये टाका आणि आठवड्यात संपवा. बाकीच्यांसाठी माळा ही सगळ्यात वाईट जागा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या माळ्यावर डाळिंबाचा रस तपकिरी होतो आणि टोमॅटोचा वरचा थर काळपट. आतल्या खोलीतलं जमिनीलगतचं, अंधारं कपाट बरं. झाकण फुगलं, उघडताना फस्स झालं किंवा कडेने ओघळ दिसला तर चव घेऊन बघायची नाही, बरणीसकट टाकायचं.

पाचपैकी गुण द्यायचे तर काचेला चार, बटणाच्या झाकणाला साडेतीन. तोंड ६३ मिमीच असल्याने आत हात जात नाही, म्हणून अर्धा गुण कापला. लांब दांड्याचा ब्रश आणि रुंद तोंडाचं नरसाळं सोबत घ्या. फोमच्या चकतीला शून्य.