सीएलएल: रोजची गोळी की वर्षभराचा कोर्स?
सीएलएल म्हणजे हळूहळू वाढणारा एक रक्ताचा कर्करोग. त्रास नसेल तर त्यात नुसती देखरेखही वर्षानुवर्षं पुरते, हे आधी सांगायलाच हवं. उपचारांची वेळ आलीच, तर इब्रुटिनिब किंवा अकॅलाब्रुटिनिबची रोजची गोळी घरच्या घरी सुरू होते, पण थांबायची तारीख नसते. हृदयाचे ठोके अनियमित होणं, अंगावर काळेनिळे डाग पडणं याकडे लक्ष हवं. व्हेनेटोक्लॅक्स आणि ओबिन्युटुझुमॅब या दोन औषधांचा कोर्स साधारण १२ महिन्यांत संपतो. सुरुवात मात्र जिकिरीची: व्हेनेटोक्लॅक्सचा डोस २० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० वर न्यायचा, भरपूर पाणी प्यायचं, सारखं रक्त तपासायचं, कारण कर्करोगाच्या पेशी भराभर फुटल्या तर मूत्रपिंडांवर ताण येतो. हृदयाचा त्रास असेल तर मला वर्षभराचा कोर्स बरा वाटतो, १७पी डिलीशन (कर्करोगाच्या पेशींत १७व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असणं) असेल तर रोजची गोळी.