लिनो कोरण्याचे आठ महिने: हातात चार-पाच कला असणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत लिनो कोरायचं सामान घेतलं, त्याला आता आठ महिने होत आले. लिनो म्हणजे लिनोलियमचा सपाट तुकडा; त्यात नक्षी कोरून ठसा करायचा, वर शाई लावायची आणि कागदावर छापायचं. या आठ महिन्यांत मी रोज कोरत बसलेले नाही. कधी सलग पाच दिवस रात्री बारापर्यंत कोरलंय, तर कधी सव्वा महिना त्या डब्याला हातही लावलेला नाही. हे आधीच सांगते, कारण माझा सगळा अनुभव त्या सव्वा महिन्याभोवती फिरतो.

पोटासाठी मी पुस्तकांची मांडणी करते. उरलेल्या वेळात जलरंग, बोरूने सुलेखन, क्रोशे, आणि गणपतीच्या आधी दीडेक महिना शाडूची माती. माझ्या आत्याचं यावर ठरलेलं वाक्य आहे, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ ती प्रेमानेच म्हणते, पण मला ते कधी पटलं नाही. एकदा मी वर्षभर फक्त जलरंग करून पाहिले होते. सहा महिन्यांतच चित्रं एकसारखी व्हायला लागली, कारण अक्षरांमधून आणि मातीतून जे हातात यायचं ते यायचंच बंद झालं. तेव्हापासून मी यातलं काहीही सोडायच्या भानगडीत पडत नाही. मात्र नवं माध्यम घरात आणताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: याला मध्येच तीन आठवडे सोडलं, तर हे कसं वागतं?

पॅलेटवरचा जलरंग वाळतो, पण पाण्याचा थेंब पडला की परत जागा होतो. क्रोशाची सुई टाक्यात अडकवून ठेवली की विणकाम तिथेच थांबतं. शाडू थांबत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लॅस्टिक लावलं तरी आठवड्याभरात कडा सुकतात आणि गणपतीच्या कानाला तडा जातो. बोरू तसाच राहतो, पण हात विसरतो. पंधरा दिवसांनंतरची पहिली वीस अक्षरं बाजूलाच ठेवावी लागतात.

आणि लिनो? अर्धवट कोरलेला ठसा जिथे सोडला तिथेच असतो. जे कोरलं ते कोरलं, जे राहिलं ते राहिलं. सव्वा महिन्यानंतर परत बसले तेव्हा पातं शेवटच्या खाचेत टेकवून पुढे ढकललं, आणि रेष जिथे थांबली होती तिथूनच निघाली. जोड दिसला नाही. असं दुसऱ्या कुठल्याच कामात माझ्या बाबतीत झालेलं नाही. आठ महिन्यांनंतर माझं मत या एका गोष्टीवर पक्कं झालं आहे. बाकी सामानाबद्दलची मतं मात्र दर दोन महिन्यांनी बदलत गेली.

दिवाळीत घेतलेल्या संचात प्लॅस्टिकची मूठ, तिच्यात बसणारी पाच पाती, चार बाय सहा इंचांचे राखाडी लिनोचे चार तुकडे, एक गुलाबी रबरी ब्लॉक, छोटा रोलर आणि पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या शाईची ट्यूब होती. शाळेत भेंडी आणि बटाट्याचं ठसेकाम सगळ्यांनीच केलेलं असतं, त्यामुळे सुरुवात रबरापासून केली. रबर लोण्यासारखं कापलं जातं. पहिल्याच संध्याकाळी एक पिंपळपान कोरून छापलं आणि अगदी हरखून गेले. पण बारीक शिरांच्या कडा चार-पाच छापांनंतर मोडायला लागल्या. आणि मुख्य म्हणजे सोडून दिल्यावर रबर नीट वागत नाही. अर्धा कोरलेला एक ब्लॉक मी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला होता, एप्रिलच्या उकाड्यात तो फोल्डरला चिकटून बसला. सोडवला तेव्हा पृष्ठभागाची चमकदार साय निघून आली आणि पुढचे सगळे छाप डागाळलेले निघाले. आता रबरी ब्लॉक कागदात गुंडाळून ठेवते, आणि त्यावर एका बैठकीत संपेल एवढंच कोरते.

खऱ्या लिनोचं निराळं. लिनोलियम मुळात फरशीवर घालायला निघालं, इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६०च्या दशकात. जवसाचं तेल हवेने घट्ट करून त्यात राळ, बुचाची पूड आणि लाकडाचा भुसा मळतात, आणि मागे तागाचं कापड असतं. ताज्या तुकड्याचा वास घेतला तर तो तैलरंगासारखा येतो, तो या जवसामुळेच. आणि म्हणूनच तो म्हातारा होतो: तेल हवेशी मिळत राहतं, तुकडा कडक होत जातो. डिसेंबर-जानेवारीच्या पुण्यातल्या थंडीत माझे तुकडे इतके टणक झाले की पातं रेष सोडून घसरायचं आणि कडा भुरभुर सुटायच्या. त्यावर उपाय घरातच सापडला. शेकायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरायचं, वर टॉवेल, त्यावर दहा मिनिटं लिनो पालथा. मग तो जाडसर चॉकलेटसारखा कापला जातो, खाचेतून सलग वळीसारखी साल निघते. वीस मिनिटांनी परत शेकायचा. दुपारी गॅलरीत ऊन असेल तर तेही चालतं. तुकडे साठवून ठेवू नका. लागतील तेवढेच घ्या.

पात्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळा आनंद आणि सगळा त्रास तिथेच आहे. पाचपैकी मी दोनच वापरते: इंग्रजी व्हीसारख्या टोकदार खाचेचं सगळ्यांत बारीक, आणि यूसारख्या गोल खाचेचं सगळ्यांत रुंद. संचातली पाती पत्रा दाबून केलेली असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या ठशालाच बोथट होतात. मूठ आवळायची चकती महिन्याभरात ढिली झाली आणि कोरता कोरता पातं जागच्या जागी फिरायला लागलं. ज्यांच्याकडून संच घेतला त्यांना दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत अशाच बोथट पात्याला मी जोर लावला आणि ते सटकून डाव्या हाताच्या तर्जनीत गेलं. दोन टाके पडले. धारदार पातं हलक्या हाताने चालतं, बोथट पात्याला ढकलावं लागतं आणि ढकललेलं आवरत नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी सगळी पाती मागून घेतली. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे हत्यारं घडवायच्या विभागात, होते. त्यांनी चष्मा लावून एकेक पातं ट्यूबलाइटखाली धरलं. ‘धारेवर पांढरी रेघ चमकते ना, ती बोथट जागा. धार असती तर काहीच दिसलं नसतं,’ म्हणाले. मग पॅकिंगच्या खोक्याची मऊ पाइनची फळी घेतली आणि त्याच पात्याने तिच्यात एक लांब खाच पाडली. म्हणजे खाचेचा आकार आपोआप पात्याच्या पाठीसारखाच झाला. त्या खाचेत धातू चकचकीत करायच्या हिरव्या पॉलिशचा ठोकळा घासला आणि पातं उलट्या दिशेने, आपल्याकडे, वीस-पंचवीस वेळा ओढलं. पूर्वी न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर लावायचे तसंच. आतल्या बाजूला कण उभे राहिले होते, ते घडी घातलेल्या चामड्याच्या कडेने काढले. नंतर पातं लिनोवर ठेवलं तर ते स्वतःच्या वजनाने आत शिरलं. आता दर अर्ध्या तासाने मी दहा वेळा त्या खाचेतून ओढते आणि मगच पुढे जाते. मार्चमध्ये लाकडी मुठीचं एकच चांगलं व्ही पातं घेतलं, संचाच्या दुपटीहून महाग. घ्यायचं असेल तर सुरुवातीलाच तेवढं एक घ्या, संच घेऊ नका.

बाबांनी आणखी एक वस्तू करून दिली. एका फळीच्या वर आणि खाली, विरुद्ध कडांना, एकेक पट्टी ठोकली. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला ठसा टेकतो. त्यामुळे डावा हात पात्याच्या मागे ठेवता येतो. बोटाला लागलं ते हात पात्याच्या पुढे होता म्हणून. ही फळी आधी करा, कोरायला नंतर बसा.

मला सगळ्यांत जास्त मिळालं ते अक्षरांतून. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं. मी ट्रेसिंग कागदावर पेन्सिलीने अक्षर काढते, कागद पालथा घालून नखाने घासते, आणि उमटलेल्या रेषेवर लगेच पक्क्या मार्करने गिरवते. नुसती पेन्सिल ठेवली तर परत बसेपर्यंत ती हाताच्या घामाने पुसलेली असते. सोडून जायची सवय असलेल्यांनी मार्कर विसरू नये.

जानेवारीत ‘ळ’ कोरला. घाईत ट्रेसिंग न करता अक्षर थेट लिनोवरच सुलटं काढलं, आणि कोरताना काहीच खटकलं नाही, कारण ळ उलटा केला तरी पहिल्या नजरेला ळच वाटतो. छाप काढला आणि काहीतरी बिनसलंय एवढंच कळलं. आकार बरोबर, शिरोरेषा बरोबर, तरी अक्षर परकं. बऱ्याच वेळाने ध्यानात आलं. बोरूच्या तिरक्या कापामुळे वळणाचा एक भाग जाड आणि दुसरा बारीक येतो. इथे जाडी दुसऱ्या कुशीवर पडली होती. इतकी वर्षं बोरू धरून मी ती जाडी हाताने काढत आले, डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यानंतर सुलेखनाच्या वहीतले माझे ळ आणि क बदलले. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आता मी आधी बघते, कारण लिनोत तीच कोरायची असते आणि रेष आपोआप उरते.

चित्रकार नंदलाल बोस यांचं १९३० सालचं गांधीजींचं लिनोकट आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे: काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत काठी घेऊन निघालेले गांधीजी. आधी मला ते फक्त जोरकस वाटायचं. आता त्यात किती काळं न कोरता सोडलंय ते दिसतं. जलरंगातही हीच गोष्ट आहे, कागदाचा पांढरा कुठे राखायचा ते आधी ठरवावं लागतं. फक्त तिथे मी पाण्याच्या भरवशावर ढिलाई करायचे. या उन्हाळ्यातली माझी जलरंगातली दोन चित्रं या आधीच्या कुठल्याही चित्रापेक्षा मोकळी झाली आहेत.

शाईचं गणित ऋतूवर आहे. पाण्याची शाई एप्रिलमध्ये काचेवर पसरता पसरता सुकते, रोलर चिकट होतो आणि छाप ठिपक्याठिपक्यांचा येतो. भल्या पहाटे, पंखा बंद करून छापलं तरच जमतं. तेलाची शाई सुंदर, दाट काळी, पण पावसाळ्यात वाळायला आठवडा घेते आणि घरभर दोरीवर कागद लटकतात. डबा सोडून दिला तर वर साय धरते. शाईवर लगेच बटर पेपर दाबून ठेवला तर निम्मी तरी वाचते. प्रेस, म्हणजे दाब देऊन छापायचं यंत्र, माझ्याकडे नाही. स्टीलच्या पळीची पाठ गोल गोल फिरवून छापते. कागद पातळ हवा, शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला पातळ कागद यासाठी मला सगळ्यांत आवडला. जाड कागदावर पळीचा जोर पोचत नाही.

कापडावर छापायला फॅब्रिक कलर स्पंजने लावते. तिथे लिनोची मर्यादा कळते. गुजरातमधल्या गांधीनगरजवळच्या पेथापूरला सागवानावर कोरलेले ठसे राजस्थानातल्या बगरू-सांगानेरच्या कापडछपाईत वापरतात: बाह्यरेषेचा रेख, पार्श्वभूमीचा गद, रंग भरायचा दत्ता, असे एकेका नक्षीचे वेगवेगळे ठसे. असा ठसा हजारो वेळा कापडावर आपटायचा असतो. माझा लिनो लाकडी ठोकळ्यावर चिकटवूनही पंचवीसेक छापांनंतर कोपऱ्यात उचलला गेला. चार उशांचे अभ्रे करायला ठीक, साडीच्या वाटेला मी जाणार नाही. कापडावरचे फसलेले तुकडे पिशवीत साठले होते. मे महिन्यात आत्या आली, तिने पिशवी उघडली, एकेक तुकडा मांडीवर पसरून बघितला आणि सगळी पिशवी गोधडीसाठी घेऊन गेली. गेल्या आठवड्यात तिचा फोन होता, ‘अगं, ते ळ छापलेले अजून आहेत का? मधल्या चौकोनाला कमी पडतायत.’

पावसाळा पात्यांना वाईट. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डबा उघडला तर बारीक व्हीवर तांबूस ठिपके. आता काम बंद करताना प्रत्येक पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब लावते, जुन्या सुती फडक्यात गुंडाळते, आणि औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या सोबत टाकते. दोन मिनिटांचं काम आहे.

आत्ता टेबलावर सहा बाय आठ इंचांचा ठसा आहे, गौरीच्या मुखवट्याचा. नथ आणि डावा डोळा कोरून झालाय, केसांचा अंबाडा अजून मार्करमध्येच आहे. उद्यापासून शाडू भिजवायचा, त्यामुळे तो कागदात गुंडाळून वर ठेवते आहे. नवरात्रात परत काढेन.